कर्मचाऱ्याचे अवधान व औषधीशाळेतील व्यवस्था

सितोपलादि चूर्णाच्या ३१ किलोच्या बॅचसाठी खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १ किलो मोजावी लागते. पिंपळीचे वजन चालू असताना दूरध्वनी येतो, पाठोपाठ काउंटरवरून हाक येते. परत आल्यावर पिंपळी घातली की नाही, हे कर्मचाऱ्यास आठवत नाही. अशी चूक कोणाच्याही हातून होईल. परंतु ती एकाच व्यक्तीकडून वारंवार होऊ लागली की आपण त्यास बेफिकीर ठरवून मोकळे होतो. तसे ठरविण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

अशा चुकांमागे काही वेळा एडीएचडी, म्हणजेच अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार असू शकतो. हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असून त्याची सुरुवात बालपणी होते आणि अनेकांत तो प्रौढपणीही टिकतो. प्रौढांत धावपळीपेक्षा विसराळूपणा, कामाचा क्रम चुकणे व वेळेचा अंदाज न येणे ही लक्षणे अधिक जाणवतात. यात आळस वा बुद्धिमांद्य नसते.

येथे वैद्यबंधू-भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. मालक या नात्याने आपल्याच कर्मचाऱ्याचे निदान आपण करू नये. ‘वातप्रकृतीचा चंचल’ असा शिक्का मारू नये, तसेच मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले औषध परस्पर बंद करावयास सांगू नये.

आपल्या हाती आहे ती कामाची व्यवस्था. तोंडी पाच सूचना एकदम देण्याऐवजी कामाचा लेखी क्रम भिंतीवर लावावा. सर्व घटक आधी वेगवेगळ्या भांड्यांत मोजून ठेवावेत व प्रत्येकापुढे खूण केल्यावरच मिश्रण करावे. वजन करणाऱ्याकडे त्या वेळी दूरध्वनी व काउंटर सोपवू नये. मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची वेळ ठरवावी. मध्ये थोडी विश्रांती द्यावी. वत्सनाभ, भल्लातक, कुचला अशा विषारी द्रव्यांच्या वजनास दुसऱ्या व्यक्तीची सही असावी. अनुसूची ‘टी’नुसार बॅचची नोंद ठेवावीच लागते, त्याच नोंदवहीत हे सारे बसते. हे नियम सर्वांना सारखे लावल्यास एकाकडेच बोट दाखविले जात नाही. चूक झाल्यास ती सर्वांसमक्ष न काढता त्याच दिवशी एकांतात, नेमक्या शब्दांत सांगावी. कर्मचाऱ्याने विश्वासाने सांगितलेली आजाराची माहिती मात्र गुप्तच राहिली पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि एवढी सोय करण्यास कायद्याची वाट कशाला पाहावी? चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्यास स्थान देऊन त्याच्या गुणांत दक्षता गणली आहे. ती दक्षता कर्मचाऱ्याच्या अंगी बाणावी, यासाठी अनुकूल व्यवस्था उभारणे हे आपले काम आहे. तिचा लाभ त्या कर्मचाऱ्याइतकाच आपले औषध घेणाऱ्या रुग्णासही होईल.