अण्णांची मोटारसायकल का बंद पडत होती?

आमच्या अण्णांची मोटारसायकल १९९६ सालची. शंभर सीसीची, चार स्ट्रोकची. शाळेत मास्तर असताना घेतली, तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. निवृत्तीनंतर साताऱ्याच्या घरापासून दहाएक किलोमीटरवरच्या शेतावर रोज सकाळी जाणे आणि दुपारी परत येणे, हा त्यांचा नेम. वय बहात्तर.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ही गाडी वाटेत बंद पडू लागली. रोज नाही, अधूनमधून. पाच-सहा किलोमीटर झकास जायची आणि मग दम लागल्यासारखी अडखळत थांबायची. दहा-पंधरा मिनिटांनी एका किकमध्ये पुन्हा सुरू! पहिल्यांदा सगळ्यांनी पावसाला दोष दिला. पाऊस संपला, दिवाळी झाली, तरी तेच.

मेकॅनिकने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्याने कॉइल बदलली. प्रत्येक वेळी गाडी त्यांच्या दारात छान चालायची आणि चार दिवसांनी रस्त्यात थांबायची. कोणी म्हणाले, पेट्रोल भेसळीचे असेल. घरात मात्र हळूहळू वेगळाच संशय बळावला. आई एकदा दबक्या आवाजात मला म्हणाली, “अरे, हे पेट्रोलचा कॉक उघडायचा विसरत तर नसतील?”

अण्णांनी ते ऐकले. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवण अर्धेच झाले.

मग नोव्हेंबरात एका वळणावर गाडी थांबली ती नेमकी उसाच्या ट्रॅक्टरपुढे. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक लावला म्हणून निभावले. मी पुण्याहून आलो तो गाडी विकून टाकायची असे ठरवूनच.

“विक,” अण्णा म्हणाले, “पण आधी ही वही बघ.”

वहीने काय सांगितले?

मास्तरांची वही ती! तारीख, हवा, किती किलोमीटरवर बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, टाकीत पेट्रोल किती, सगळे रकाने आखून लिहिलेले. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. गाडी बंद पडायची ती महिन्याच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत. शेवटच्या आठवड्यात एकदाही नाही. आणि अण्णा पेन्शनच्या दिवशी टाकी काठोकाठ भरतात!

म्हणजे टाकी भरलेली असताना गाडी थांबत होती आणि रिझर्व्हला आल्यावर सुरळीत चालत होती. अगदी उलटा न्याय. या कोड्याचे उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी, जुनी कार्बोरेटरची गाडी अशी मधूनच बंद पडत असेल तर विचार कसा करावा, ते पाहू.

कशी बंद पडते, ते पाहा

इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी वेळेवर मिळावी लागते. यातले काय कमी पडले, हे गाडी थांबण्याच्या तऱ्हेवरून बऱ्याचदा ओळखता येते.

गाडी झटके देत, जीव सोडल्यासारखी थांबत असेल तर पहिला संशय पेट्रोलवर घ्यावा. कॉकची जाळी गंजाने किंवा कचऱ्याने तुंबणे, नळी दुमडणे, कार्बोरेटरमधील फ्लोटची सुई अडकणे, तळाशी पाणी साचणे ही नेहमीची कारणे.

किल्ली फिरवावी तशी एकदम बंद पडत असेल तर करंटकडे बघावे. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू असा क्रम असेल तर कॉइल, सीडीआय किंवा पिकअप कॉइल यांपैकी काहीतरी उष्णतेने दगा देत असू शकते. राजदूतसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर तपासावेत.

खड्ड्यात आदळल्यावर किंवा हँडल वळवल्यावर बंद पडत असेल तर वायर कुठेतरी घासली आहे. गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे, किल्ली किंचित हलवून पाहावी. तेवढ्यात बंद पडली तर चोर सापडला!

फक्त सिग्नलला, रेस सोडल्यावर बंद पडत असेल तर पायलट जेट तुंबलेला, इंजिन आणि कार्बोरेटर यांमधील रबराला तडा गेलेला किंवा टॅपेट फार घट्ट असण्याची शक्यता असते. टॅपेट नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना तपासतात.

ही लक्षणे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पण त्यांमुळे शोध कुठून सुरू करायचा ते कळते आणि एकामागून एक सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे

गाडी थांबली की आधी ती रस्त्यापासून बाजूला घ्या. कॉक आणि चोक पाहा. मग लगेच टाकीचे झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्याच वेळात गाडी सुरू झाली, तर दोष झाकणात आहे.

तसे नसेल आणि प्लगचा पाना जवळ असेल तर इंजिन थोडे निवल्यावर प्लग काढून पाहा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही. काळ्या काजळीने माखला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. ठिणगी पाहण्यासाठी प्लग हातात धरून किक मारू नका. झटका जोरदार बसतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर पेट घेऊ शकते. ते काम मेकॅनिकवर सोडावे.

घरी करण्याजोगी चाचणी

इंजिन थंड असताना, उघड्या जागेत, जवळपास देवाचा दिवा, विडी-सिगारेट असे काही नसताना कार्बोरेटरची पेट्रोल नळी काढून ती बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. झाकण बंद असताना धार बारीक होत गेली आणि उघडताच पुन्हा जोरात आली तर झाकण दोषी. झाकण उघडूनही बारीकच राहिली तर कॉकची जाळी साफ करावी.

बाटली काचेची असेल तर आणखी एक फायदा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळे दिसते, गंजही दिसतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढवत २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. त्यामुळे जुनी गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये आणि जुन्या रबरी नळ्या वेळोवेळी पाहाव्यात.

आणि अण्णांची गाडी?

टाकीतून पेट्रोल खाली उतरते, तेव्हा त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजले की आतली हवा विरळ होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट पडत नाही, तसेच. टाकी गच्च भरलेली असताना आत हवा थोडीच असते, म्हणून हा अडथळा लवकर येतो. टाकी रिकामी होत आली की आत भरपूर हवा असते, तेव्हा तो जाणवतच नाही. गाडी उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरते आणि ती पुन्हा सुरू होते. वहीचे कोडे असे सुटले.

मेकॅनिक मंडळी का फसली तेही उमगले. प्रत्येकाने पेट्रोल आहे का हे पाहायला आधी झाकण उघडले होते. रोग तिथेच उतरत होता आणि श्रेय प्लगला, कॉइलला मिळत होते!

मी झाकण काढून उलटे केले. आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा नीट कापून बसवलेला होता.

अण्णांनी तो हातात घेतला, चष्म्यातून पाहिला आणि ओशाळून हसले. “हा मीच घातला होता रे. जूनमध्ये. टाकीत पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून.”

तुकडा काढला, छिद्र बारीक तारेने मोकळे केले. खर्च शून्य. त्यानंतर दोन पेन्शनी गेल्या, टाकी दोनदा काठोकाठ भरली, गाडी एकदाही थांबली नाही. आता पावसाळ्यात गाडी उभी करताना अण्णा झाकणावर प्लास्टिकची पिशवी घालतात आणि निघताना आठवणीने काढतात. आई दारातून आठवण करून द्यायला तोंड उघडते, तोवर पिशवी त्यांच्या खिशात गेलेली असते.

गाडी विकण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. कुरकुर करणाऱ्या जुन्या वस्तूला आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोष देण्याआधी त्यांची वही एकदा वाचावी, एवढे मात्र मी शिकलो.