तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा की कलर?

मागच्या दिवाळीनंतर बिजौलीतल्या माझ्या खोलीवर दोन विद्यार्थी भांडत आले. एकाकडे बदामचे तीन पत्ते होते, दुसऱ्याकडे सत्ती-अठ्ठी-नव्वी, वेगवेगळ्या रंगांची. मधे 340 रुपये. पहिला मोबाईलवर पोकर शिकलेला, म्हणून त्याच्या मते कलर मोठा. दुसरा घरी मामांकडून तीन पत्ती शिकलेला, त्याच्या मते सिक्वेन्स मोठा. गंमत म्हणजे दोघेही आपापल्या खेळात बरोबर होते. असे का, ते या टिपणात मोजून पाहू.

आधी खेळ. प्रत्येकाने ठरलेला बूट मधे टाकायचा आणि प्रत्येकाला तीन पत्ते उलटे वाटायचे. पत्ते न बघता खेळाल तर तुम्ही ब्लाइंड, बघून खेळाल तर सीन. चाल 5 रुपयांची असेल तर ब्लाइंड 5 ते 10 टाकू शकतो, सीनला मात्र 10 ते 20 टाकावे लागतात. सीनने 20 टाकले तर पुढच्यासाठी चाल त्याच्या निम्मी, म्हणजे 10 धरतात. पत्ते बघण्याची ही किंमत आहे: माहिती हवी तर दुप्पट मोजा. नको असेल तेव्हा पॅक करायचे. दोघेच उरले की शो मागता येतो. मधल्या डावात सीन खेळाडू आपल्या आधीच्या सीन खेळाडूकडे साइड शो मागू शकतो. त्याने तो मान्य केला तर दोघे आपसात पत्ते बघतात आणि हलक्या हाताचा पॅक करतो.

हातांचा क्रम वरून खाली असा: ट्रेल (तीन राजे, तीन पंज्या असे काहीही), प्युअर सिक्वेन्स, सिक्वेन्स, कलर, जोडी आणि यातले काहीच नसेल तर मोठा पत्ता.

आता मोजणी. 52 पत्त्यांतून 3 पत्ते 22,100 प्रकारे निवडता येतात. लागोपाठच्या तीन पत्त्यांचे गट 12 आहेत, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत. प्रत्येक पत्त्याला चार रंगांची मुभा, म्हणून 12 × 64 = 768. त्यातले 48 एकाच रंगाचे, ते प्युअरमध्ये गेले. उरले 720 सिक्वेन्स. कलरसाठी एका रंगाच्या 13 पत्त्यांतून 3 निवडायचे: 286 प्रकार. चार रंगांचे 1,144. त्यातून तेच 48 वजा केले की 1,096. म्हणजे सिक्वेन्स 3.26 टक्के वेळा येतो आणि कलर 4.96 टक्के. जो दुर्मीळ तो मोठा, मामांचा नियम बरोबर.

पोकरमध्ये पाच पत्ते असतात. तिथे हीच मोजणी केली तर 25,98,960 हातांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 निघतात. पारडे फिरले. कारण साधे आहे. पत्ता वाढला की सिक्वेन्समध्ये त्याला चार रंगांची मोकळीक मिळते, पण कलरमध्ये त्याला त्याच रंगाच्या उरलेल्या पत्त्यांतूनच यावे लागते. मला यातले सर्वांत आवडते ते चार पत्त्यांचे गणित: सिक्वेन्स 2,772, कलर 2,816. जवळजवळ बरोबरी! पारडे फिरते ते नेमके चार आणि पाचच्या मधे.

पण क्रम नेहमी गणितावरच ठरतो असे समजू नका. ट्रेल 13 × 4 = 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे. म्हणजे प्युअर अधिक दुर्मीळ, तरी आपण ट्रेल वर ठेवतो. इंग्लंडच्या ब्रॅग या जुन्या खेळातही असेच आहे. कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये मात्र प्युअर सिक्वेन्स वर आहे. आपल्याकडे तीन एक्के खाली ठेवायला कोणी तयार होईल असे मला वाटत नाही.

जोडी येते 3,744 प्रकारे, आणि उरलेल्या 16,440 हातांत, म्हणजे 74 टक्के वेळा, काहीही नसते. म्हणून एक्का-राजा हातात आला की मुले चढतात. तुम्ही पाच जण खेळत असाल तर समोरच्या चौघांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा त्याहून चांगले काही असण्याची शक्यता 1 − (0.744)⁴, म्हणजे सुमारे 69 टक्के. (चौघांचे हात काटेकोरपणे स्वतंत्र नसतात, पण अंदाजाला एवढे पुरे.) सगळे पॅक करतील या भरवशावर एक्का-राजा चालतो, पत्त्यांच्या भरवशावर नाही. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर 2025 च्या कायद्याने बंदीच आली. घरात जो पैसा हरतो तो निदान शेजाऱ्याच्या खिशात जातो. अ‍ॅपवर प्रत्येक डावातून चालवणाऱ्याचा वाटा कापला जायचा, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज कायम उणे.

ते 340 रुपये आम्ही बूट परत करावा तसे वाटून टाकले, कारण डाव सुरू करण्यापूर्वी कोणते नियम चालतील हे कोणी ठरवलेच नव्हते.

सरावासाठी: काही घरांत एक्का-दुर्री-तिर्री हा सिक्वेन्स धरत नाहीत. तसे मानून सहाही आकडे पुन्हा काढा. सिक्वेन्स 660 आणि कलर 1,100 यायला हवेत, आणि एकूण बेरीज 22,100 च. ती जुळली नाही तर काढून टाकलेले 64 हात कुठे गेले ते शोधा.