आमचा छोटा ब्राउझर

वेबसाइट आपण ब्राउझरमधून पाहतो. तो आतून कसा चालतो हे कळावं म्हणून आम्ही गटातल्या जणींनी संगणकावर एक छोटा ब्राउझर करून पाहिला.

पायथॉन ही भाषा फुकट मिळते. जोडीला खिडकी, बटणं असं तयार सामान देणारा पायक्यूटी हा संच घेतला. पान आणून दाखवायचं अवघड काम त्याचं वेब-इंजिन करतं. आम्ही फक्त पत्त्याची चौकट आणि मागे-पुढे जायची बटणं मांडून त्यांची इंजिनाशी गाठ घातली. ओळी जेमतेम तीस.

पहिल्यांदा पान कोरंच! पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' लिहायचं राहिलं होतं. ते केलं. मग एका लिंकवर क्लिक केलं, तर पान बदललं पण वरचा पत्ता जुनाच! 'पत्ता बदलला की चौकटीतही लिही' हे आम्ही सांगितलंच नव्हतं. एक ओळ वाढवली, काम झालं.

तेव्हा पटलं, पान कसंही सजवता येतं, अगदी बँकेसारखं हुबेहूब. आपण खरंच कुठे आहोत ते वरचा पत्ता सांगतो. बचत खात्याचा पासवर्ड टाकण्याआधी तो अक्षर न् अक्षर वाचा. आणि असल्या घरगुती ब्राउझरमध्ये तर पासवर्ड टाकूच नका. तो शिकण्यापुरताच.