मेदहारक वनस्पतिज पूरके

शरीरात साठलेली वसा (मेद) घटवून वजन कमी करण्यासाठी नेहमीच्या आहाराखेरीज घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या चूर्णांना, अर्कांना व त्यांच्या गोळ्यांना ही संज्ञा लावतात. भूक मंदावणे, चयापचय वाढविणे वा वसानिर्मिती रोखणे हे त्यांचे कार्य असल्याचे सांगितले जाते. काही पूरके केवळ रेचक व मूत्रल असतात. त्यांनी घटते ते पाणी, मेद नव्हे.

या वर्गातील एक सुपरिचित घटक म्हणजे हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल. ते गार्सिनिया गमी-गट्टा या वृक्षाच्या फळाच्या सालीत असते. केरळात ही वाळलेली साल कुडमपुळी या नावाने माशांच्या कालवणात घालतात. ज्यापासून आमसूल होते तो कोकणातील रातांबा (गा. इंडिका) याच प्रजातीतील असून त्याच्या सालीतही हे अम्ल आढळते. पेशीतील सायट्रेटापासून वसाम्लांचा कच्चा माल तयार करणाऱ्या एंझाइमाला ते अडविते. प्रयोगशाळेत दिसणारा हा परिणाम खरा आहे. परंतु माणसाच्या वजनात तो फारसा उतरत नाही. अमेरिकेत १३५ व्यक्तींवर १२ आठवडे केलेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३·२ किग्रॅ., तर औषधहीन गोळ्या घेणाऱ्यांचे ४·१ किग्रॅ. घटले. दोन्ही गटांना कमी ऊर्जेचा आहार दिलेला होता. आमसुलाच्या सारापासून कोणास अपाय झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र संहत अर्काच्या गोळ्यांनी यकृतास गंभीर इजा होऊन क्वचित यकृतरोपण करावे लागल्याच्या नोंदी आहेत. हरित चहाच्या अर्काबाबतही यकृतविकाराची अशीच नोंद आहे.

एफेड्रा या वनस्पतीतील एफेड्रिनाने वजन अल्पकाळ थोडे घटते, पण रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व मृत्यू यांच्या नोंदींनंतर २००४ मध्ये अमेरिकेत अशा पूरकांवर बंदी आली.

सर्वांत दारुण उदाहरण ब्रूसेल्सचे आहे. तेथील एका वजन घटविण्याच्या केंद्रात दिलेल्या मिश्रणात स्टेफानिया टेट्रँड्रा या चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया फँगची ही विषारी वनस्पती गेली. तरुण स्त्रियांची वृक्के झपाट्याने निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वृक्के काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग असल्याचे २००० मध्ये आढळले. भारतात आढळणारी ईश्वरी ही वनस्पती याच प्रजातीतील आहे.

‘संपूर्ण वनस्पतिज’ असा छाप असलेल्या काही गोळ्यांत सिब्युट्रामीन हे संश्लेषित औषधही सापडले आहे. हृदयाला असलेल्या धोक्यामुळे ते २०१० मध्ये यूरोप व अमेरिकेत बाजारातून काढून घेण्यात आले होते. अशी पूरके म्हणजे औषध नव्हे, या समजुतीने रुग्ण वैद्यास त्यांविषयी सांगत नाही व काविळीचे कारण उशिरा कळते. गोळ्या वेळीच थांबविल्यास यकृत बहुधा पूर्ववत होते. ॲरिस्टोलोकिक अम्लाने तंतुमय झालेली वृक्के मात्र पुन्हा सुधारत नाहीत.