विश्लेषण : जुन्या पिकअपची डिझेल टाकी गळू लागली, आता दुसरी कुठून आणायची?

पहाटे चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा उतरवायचा आणि दिवसा भोसरी, तळवड्यातील लघुउद्योगांचा माल पोहोचवायचा, अशा दुहेरी कामावर चालणाऱ्या जुन्या पिकअप उद्योगनगरीत आजही दिसतात. कर्ज फिटलेले असते, इंजिन दमदार असते. मात्र एके दिवशी गाडीखाली डिझेलचा ओला डाग दिसतो आणि गाडी उभी राहते. ज्या परिसरात अशा गाड्या तयार झाल्या, तिथेच त्यांची टाकी शोधताना मालकाची दमछाक का होते?

टाकी सडते कशामुळे?

जुन्या गाड्यांच्या टाक्या बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात आणि त्यांना आतून गंजरोधक थर दिलेला असतो. टाकी कायम अर्धी रिकामी राहिली, तर आतल्या हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर साचते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरून पट्ट्यांखालच्या रबरात चिखल अडकतो, तोही पत्रा खातो. गळती हे शेवटचे लक्षण असते. त्याआधी डिझेल फिल्टर वारंवार चोंदतो आणि चढणीला गाडी दम तोडते. गंजाचे बारीक कण पुढे पंप व इंजेक्टरपर्यंत गेले, तर खर्च टाकीपेक्षा कितीतरी वाढतो.

वेल्डिंग करून भागत नाही का?

हा सर्वांत धोकादायक मार्ग आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. देशातील डिझेलसाठी ज्वलनबिंदूची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने कोपऱ्यात, सांध्यात चिकटलेल्या डिझेलचीही वाफ होते आणि टाकीचा स्फोट होऊ शकतो. नुसते पाण्याने विसळणे पुरेसे नाही. टाकी वाफेने धुऊन, आत निष्क्रिय वायू भरून काम करणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच ती द्यावी. शिवाय पत्रा सगळीकडे पातळ झाला असेल, तर एक भोक बुजवताना शेजारी दुसरे पडते. एम-सील किंवा साबण लावून गळती थांबवणे हा फक्त गॅरेजपर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे.

कारखाने दारात, मग टाकी का मिळत नाही?

टाटामोबाइल ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली, तेव्हा आजच्या टाटा मोटर्सचे नाव टेल्को होते आणि गाडी पुण्याच्याच कारखान्यात बनत होती. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोरही याच पट्ट्यातली. त्या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. मात्र कारखाना जवळ असणे आणि सुटा भाग मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवठादारांचा माल थेट जुळणीच्या साखळीवर जातो. मॉडेल बंद झाले की टाकीचा पत्रा दाबणाऱ्या साच्यांना काम उरत नाही. फिल्टर, क्लचप्लेट, ब्रेकलायनर नेहमी झिजतात, म्हणून बाहेरचे उत्पादकही ते बनवत राहतात. टाकी मात्र गाडीच्या आयुष्यात एखाद्याच वेळी बदलावी लागते. शिवाय ती जागा अडवते. त्यामुळे दुकानदार ती भरून ठेवत नाही.

शोध कुठून सुरू करावा?

आधी चासी क्रमांक हाताशी ठेवावा. एकाच नावाच्या गाडीत इंजिन, चाकांमधील अंतर आणि उत्पादनाचे वर्ष यांनुसार टाकी बदलते. या क्रमांकावरून अधिकृत विक्रेत्याच्या सुटे भाग विभागात टाकीचा पार्ट नंबर मिळतो. तो मिळाला की दुसऱ्या जिल्ह्यातील गोदामातही चौकशी करता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

तिथे जमले नाही, तर निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, पुण्यातील नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार हे पुढचे टप्पे. चिखलीतील कुदळवाडीत महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठी कारवाई करून भंगार गोदामांसह हजारो बांधकामे पाडली. त्यामुळे ओळखीचा भंगारवाला जुन्या जागी सापडेलच असे नाही, आधी फोन करून निघावे.

जुनी टाकी घेताना काय पाहावे?

बॅटरीच्या उजेडात झाकणातून तळ पाहावा. लाल पापुद्रे दिसले तर ती टाकी सोडून द्यावी. पट्ट्यांच्या खुणा, भरणीच्या नळीचे तोंड, इंजिनाकडे जाणारी व परत येणारी नळी जुन्या टाकीशी ताडून पाहावी. काट्याचा फ्लोट वेगळा असेल, तर टाकी अर्धी असूनही काटा भरलेली दाखवू शकतो. गळती तपासताना अगदी कमी दाबाची हवा आणि साबणाचे पाणी वापरावे. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडल्यास टाकी फुटू शकते. गाडीच्या नोंदीसाठी बिल घ्यावे.

नवी बनवून घेता येते का?

येते, पण नुसता चौकोनी डबा म्हणजे टाकी नव्हे. आत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे लागतात, हवा येण्या-जाण्यासाठी नळी लागते आणि तळाशी पाणी काढायचा बोल्टही लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा स्वस्त पडतो, पण डिझेलच्या संपर्कात जस्त झिजून त्याचे कण फिल्टर व इंजेक्टरमध्ये जातात. मूळ मापाची, मूळ जागी बसणारी टाकीच बनवावी. आकार वाढवणे किंवा दोरीने कॅन बांधून गाडी चालवणे टाळावे.

थांबले तर काय?

व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गळकी टाकी घेऊन तपासणीला जाणे म्हणजे हेलपाटा ओढवून घेणे. त्याहून मोठा प्रश्न रस्त्याचा आहे. वळणावर सांडलेल्या डिझेलवरून मागचा दुचाकीस्वार घसरतो. म्हणून फिल्टर दुसऱ्यांदा लवकर चोंदला, की टाकीचा तळ तपासून शोध तेव्हाच सुरू करावा. गाडी चालू असताना टाकी शोधायला वेळ मिळतो, उभ्या गाडीचा मात्र रोजचा धंदा बुडतो.