फाट्यावरचे इंद्रधनुष्य

दिवाळीला यवतमाळहून नांदेडला निघालो की आमचे कुटुंब वारंगा फाट्यावर उतरल्याशिवाय राहत नाही. कारण उघड आहे : तिथली खिचडी! यंदा मात्र खिचडी राहिली बाजूला. शेजारच्या ट्रकला शोभेसाठी बांधलेली एक जुनी सीडी उन्हात गरगरत होती. ती पाहून पुतणीने विचारले, "काका, हिला रंग कोणी दिला?"

कोणीच नाही! सीडीवर रंग नसतो, रेघा असतात. एका मिलिमीटरात सुमारे 625. प्रत्येक रेघेवरून प्रकाशाची लाट परतते. जिथे साऱ्या लाटांचे पाऊल जुळते तिथे उजेड, एरवी त्या एकमेकींना पुसून टाकतात. तांबड्याची लाट लांब, निळ्याची आखूड. म्हणून ज्याची त्याची वाट वेगळी. अशा रेघांच्या पट्टीला म्हणतात विवर्तन जालक.

"मग रेघा आणखी दाट केल्या तर?"

प्रश्न नेमका होता. समोरून प्रकाश टाकला तर सीडीवरून हिरवा रंग सुमारे 20 अंशांवर फाकतो, डीव्हीडीवरून 48 अंशांवर. ब्लू-रे चकतीवर मिलिमीटरात 3,000 हून अधिक रेघा. तिथे समोरचा प्रकाश फाकतच नाही!

दिशेचे हे गणित शाळकरी पोरही सोडवील. पण कोणत्या दिशेला उजेड किती, हे सांगणे महाकठीण. 1902 साली अमेरिकेत रॉबर्ट वुड यांना एका जालकाच्या वर्णपटात अचानक उजळणारे आणि अचानक मावळणारे पट्टे दिसले. साधा हिशेब तिथे थिटा पडला. 1907 मध्ये लॉर्ड रॅले यांनी उत्तराची वाट दाखवली, पण ती पुरी झाली नाही. रेघांचे अंतर प्रकाशाच्या लाटेएवढे झाले, की रेघेचा आकार, धातू, प्रकाशाच्या कंपनाची दिशा, सारेच हिशेबात धरावे लागते. मॅक्सवेलची समीकरणे अशा जालकासाठी संगणकावर काटेकोर सोडवण्याची एक पद्धत मोहरम आणि गेलॉर्ड यांनी 1981 मध्ये मांडली. आता जालक कोरण्याआधीच त्याचे वागणे कागदावर उतरते.

आणि गंमत पाहा! याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया या वेधशाळेला 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून परतणाऱ्या लेसरच्या लाटांचे पाऊल जुळते की चुकते, यावरून तिथे गुरुत्वलहरी टिपायच्या आहेत. तत्त्व तेच, सीडीवरचे!

"म्हणजे ट्रकवाल्याकडे छोटी वेधशाळाच आहे," पुतणी म्हणाली. खिचडी गार झाली होती. पण त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.