भिंग बसले, पुढे काय?

मोतीबिंदू म्हटले की आपल्याला आजी-आजोबा आठवतात. तान्ह्या बाळालाही तो असू शकतो, हे चटकन पटत नाही. कधी तो आनुवंशिक असतो, कधी गरोदरपणात आईला झालेल्या रुबेलामुळे येतो. थोराड मुलांत विटी लागून किंवा फटाका उडूनही डोळ्यातले भिंग गढूळ होते. मग ते काढावे लागते, आणि भिंगावाचून सारे धूसर!

कृत्रिम भिंगाचा उगम महायुद्धातला. लढाऊ विमानांच्या पारदर्शक प्लास्टिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले. हे हेरून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी तशाच प्लास्टिकचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. आपल्याकडे मदुराईच्या 'ऑरोलॅब'ने १९९२ पासून ही भिंगे स्वस्त केली.

मुलांचे गणित मात्र निराळे. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर लांबीचा डोळा पुढे २३-२४ पर्यंत वाढतो. आज चपखल बसलेला नंबर उद्या चुकणार! म्हणून डॉक्टर मुद्दाम थोड्या कमी नंबराचे भिंग घालतात आणि उरलेली तूट चष्म्याने भरतात. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, सात महिन्यांखालच्या ११४ बाळांचा अमेरिकेत अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात भिंग बसवलेल्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलांची नजर सारखीच निघाली. भिंगवाल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया मात्र जास्त लागल्या. म्हणजे घाई मोतीबिंदू काढण्याची हवी. भिंग कधी बसवायचे ते डॉक्टर ठरवतील.

खरी परीक्षा त्यानंतरची. गढूळ डोळ्याकडून मेंदूला पाहण्याची सवयच झालेली नसते. ती लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडून परतताना एस.टी.त एका आजीने अशी पट्टी पाहून सुनेला विचारले, "बऱ्या डोळ्यार पट्टी कित्याक गो? झील रडता मां!" सून हळूच म्हणाली, "आये, आता रडूंदे. मागीर दिसात तेका."

बँकेत आयुष्य गेले, म्हणून मला हिशेब असा दिसतो: शस्त्रक्रिया ही एकरकमी ठेव, पट्टी ही आवर्ती ठेव. हप्ते बुडाले तर पहिली रक्कमही फळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. पण जन्मजात मोतीबिंदूला पहिले दीड-दोन महिनेच मोलाचे. तेव्हा बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली, किंवा दोन-तीन महिन्यांनंतरही ते आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवत नसेल, तर 'मोठेपणी होईल बरे' म्हणून थांबू नका. गणपती, शिमगा आटोपेपर्यंतही नको. पहिली एस.टी. पकडा.